ताईची ऑरगॅनिकची वही

गेल्या आठवड्यात रात्री साडेदहाला दौंडहून भाचीचा मेसेज आला. एका जुन्या वहीच्या पानाचा फोटो, आणि खाली प्रश्न : "मामा, हे लाल पेनातलं अक्षर तुझं आहे का?"

फोटो मोठा करून बघितला. दोनशे पानी वहीचं पिवळं पडलेलं पान. निळ्या शाईत ताईचं गोल, सुबक अक्षर. विषय लुकास टेस्ट. तिने लिहिलेलं असं, की टर्शरी अल्कोहोल लुकास रिएजंटमध्ये टाकलं की लगेच गढूळ होतं, सेकंडरीला पाचेक मिनिटं लागतात आणि प्रायमरी साध्या तापमानाला काहीच दाखवत नाही. त्यावर लाल पेनाने आडवी रेघ मारून बाजूला लिहिलं होतं, "चूक! प्रायमरी लगेच." खाली दोन रेघा.

अक्षर माझंच.

लगेच दुसरा मेसेज आला. "पण मामा, आईचंच बरोबर आहे ना?"

आमच्या नातेवाइकांपैकी जे हे वाचत असतील त्यांना आता पुढचं कळलं असेल. कारण गेली कित्येक वर्षं लग्नात, बारशात, दिवाळीत मी एक विनोद करत आलोय : "ताईने मला सगळी ऑरगॅनिक शिकवली, फक्त लुकास टेस्ट तेवढी चुकीची शिकवली!" सगळे हसतात. ताईसुद्धा हसते. तर आज तो विनोद मागे घ्यायचा आहे. पण त्यासाठी जरा मागे जावं लागेल.

१९९६-९७. मी शिरूरला बारावी सायन्सला. गाव न्हावऱ्याजवळ, त्यामुळे रोज एसटीने जाऊन-येऊन. (आमच्याकडची जुनी माणसं शिरूरला अजून घोडनदीच म्हणतात.) दहावीपर्यंत मराठी माध्यम आणि अकरावीला एकदम सगळं इंग्रजीत. ज्यांनी हे भोगलंय त्यांना वेगळं सांगायला नको. 'व्हॅलन्सी' म्हणजे आपली दहावीतली 'संयुजा' आणि 'कॅटॅलिस्ट' म्हणजे 'उत्प्रेरक' हे कळायला मला महिना लागला. तोपर्यंत मला वाटत होतं की हे काहीतरी नवीनच प्रकरण आहे.

फिजिकल केमिस्ट्रीत निदान गणितं होती. सूत्रात आकडे घातले की काहीतरी उत्तर यायचं. ऑरगॅनिकमध्ये मात्र हात टेकले. वुर्ट्झ, कॅनिझारो, विल्यमसन, हॉफमन, सँडमायर, क्लेमेन्सन... या सगळ्या साहेबांनी आपापली एकेक रिॲक्शन शोधली आणि आमच्या मागे लावून दिली, असंच वाटायचं. पहाटे चारला उठून पाठ करायचो. एसटीत पुन्हा म्हणायचो. शिरूर स्टँडवर उतरेपर्यंत कॅनिझारोचा सोडियम हायड्रॉक्साइड वुर्ट्झकडे गेलेला असायचा आणि वुर्ट्झचं सोडियम भलतीकडेच.

जानेवारीत प्रिलिमचा निकाल लागला. केमिस्ट्रीत नापास.

त्या काळी इंजिनिअरिंग-मेडिकलचे प्रवेश बारावीच्या ग्रुपच्या मार्कांवर व्हायचे, त्यामुळे वर्गातली हुशार मुलं अर्ध्या-अर्ध्या मार्कासाठी भांडायची. माझा प्रश्न त्याच्या बराच अलीकडचा होता. अण्णा ओरडले असते तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, "जमत नसंल तर तसं सांग. रान हायेच." त्यात राग नव्हता, टोमणाही नव्हता. त्यामुळेच ते जास्त लागलं.

आईने दोन दिवस विचार केला आणि मला दौंडला मामांकडे पाठवायचं ठरवलं. कारण एकच, ताई.

ताई म्हणजे माझी मामेबहीण, माझ्याहून तीन वर्षांनी मोठी. बारावी सायन्स पहिल्या वर्गात पास झालेली. बीएस्सीला पुण्याला जायचं होतं तिला, केमिस्ट्री घेऊन. मामा म्हणाले, रोजचं रेल्वेचं जाणं-येणं मुलीच्या जातीला नको. गंमत बघा, मामा स्वतः रेल्वेत! मग ती शिवणक्लासला जायला लागली आणि घरात स्थळांच्या गोष्टी सुरू झाल्या. हे मला तेव्हा माहीत होतं. पण माहीत असणं आणि लक्षात येणं यात फरक असतो.

तर आंधळगाव, पारगाव, केडगाव करत एसटीने चौफुल्याला आणि तिथून दुसऱ्या गाडीने दौंडला. गळीत हंगाम जोरात. रस्त्यात उसाच्या ट्रॉल्या, दोन्ही बाजूंना गुऱ्हाळांचा धूर. मी खिडकीत बसून ऑरगॅनिकच्या नोट्स वाचत होतो आणि एक अक्षर डोक्यात शिरत नव्हतं. बाहेर काय चाललंय त्याचा आणि मांडीवरच्या वहीचा काही संबंध असेल, हे तर स्वप्नातही आलं नाही.

पहिल्या दिवशी ताईने माझी वही चाळली आणि बाजूला ठेवली. कोरा कागद घेतला. मधोमध लिहिलं, इथाइल अल्कोहोल.

"हे दौंड," ती म्हणाली.

मी बघत राहिलो.

"दौंडहून गाड्या कुठं कुठं जातात?"

"पुणे, सोलापूर, नगर-मनमाड, बारामती."

"झालं तर मग."

आणि तिने चार रेघा काढल्या. पुण्याकडची लाइन ऑक्सिडेशनची. वाटेत केडगाव म्हणजे ॲसिटाल्डिहाइड, शेवटी पुणे म्हणजे ॲसिटिक ॲसिड. "केडगावला उतरायचं असेल तर वेळेवर उतरावं लागतं. तयार झालेलं ॲसिटाल्डिहाइड लगेच डिस्टिल करून बाहेर काढलं नाही, तर गाडी थेट पुण्याला जाते." सोलापूरची लाइन इथाइल ब्रोमाइडची, कारण तिथून पुढे सगळ्या दक्षिणेत जाता येतं. इथाइल ब्रोमाइडवरूनही अमाइन म्हणा, सायनाइड म्हणा, पाहिजे तिकडे. मनमाडची लाइन इथिलीनची. पाणी काढलं की अल्कोहोलचं इथिलीन, पाणी घातलं की पुन्हा अल्कोहोल. त्या काळी पुण्याहून मनमाडकडे जाणाऱ्या गाडीला दौंडात इंजिन काढून उलट्या बाजूला जोडायला लागायचं, ते आम्ही पोरं तासन्‌तास बघायचो. त्यामुळे उलट-सुलट होणारी रिॲक्शन म्हणजे मनमाड, हे जे डोक्यात बसलं ते बसलंच. आणि बारामती? "बारामती म्हणजे इथर. लाइन तिथं संपते. इथरचं पुढं फारसं काही होत नाही." (बारामतीकरांनी रागावू नये. मी नाही, ताई म्हणाली!)

मी विचारलं, "पण इथिलीनला पण काँसन्ट्रेटेड सल्फ्युरिक ॲसिड आणि इथरला पण तेच. मग कळायचं कसं?"

तेवढ्यात मामा ड्यूटीवरून आले होते. ते पॉइंट्समन, म्हणजे सांधे बदलणारे. ताई म्हणाली, "बाबांना विचार. एकाच रुळावरून आलेली गाडी नगरला जाणार की बारामतीला, ते कोण ठरवतं?"

"सांधा," मामा चपला काढता काढता म्हणाले.

"इथं सांधा म्हणजे तापमान. एकशे चाळीसला इथर, एकशे सत्तरला इथिलीन."

एका आठवड्यात तो कागद मोठा होत होत कॅलेंडरच्या मागच्या बाजूवर गेला. साखळी एका कार्बनने वाढवायची तर पोटॅशियम सायनाइड, म्हणजे डबा जोडणं. एक कार्बन कमी करायचा तर हॉफमनची ब्रोमामाइड रिॲक्शन, म्हणजे डबा काढणं. ॲसिटामाइडवर ब्रोमीन आणि पोटॅश, की मिथिलअमाइन. दोन कार्बनचा एक झाला. ज्या कन्व्हर्जनच्या प्रश्नांना मी हात लावायला घाबरायचो ते प्रवासासारखे दिसायला लागले. कुठून निघायचं, कुठे पोचायचं, गाडी कुठे बदलायची. साहेबांची नावं आता स्टेशनांच्या पाट्यांसारखी वाटायला लागली. पाटी पाठ करावी लागत नाही. दोनदा त्या रस्त्याने गेलं की आपोआप लक्षात राहते.

"तुमच्या शिरूरला रेल्वे नाही ना, म्हणून तुला केमिस्ट्री येत नाही," ताई म्हणायची.

पण शिरूरचंही होतं काहीतरी. मळीपासून अल्कोहोल हा प्रश्न तेव्हा हमखास यायचा. मी इन्व्हर्टेज आणि झायमेजची घोकंपट्टी करत होतो. कोण आधी, कोण नंतर, दर वेळी उलटं. ताईने विचारलं, "गुऱ्हाळात रस दुपारपर्यंत तसाच ठेवला तर काय होतं?"

"आंबतो."

"आणि त्याचा गूळ केला तर?"

हे मला माहीत होतं. आमच्या चुलत्यांचं गुऱ्हाळ होतं. ऊस तोडून दोन-तीन दिवस पडला, किंवा रस काहिलीत जायला उशीर झाला, की गूळ बसत नाही. चिकट राहतो, ढेप धरत नाही. म्हणून तर गुळव्या रसात चुना टाकतो आणि घाई करतो.

"साखरेचे दोन तुकडे होतात म्हणून बसत नाही," ताई म्हणाली. "ग्लुकोज आणि फ्रुक्टोज. तो इन्व्हर्टेज. मग त्या ग्लुकोजचं अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड होतो, म्हणून फेस येतो आणि आंबूस वास येतो. तो झायमेज. आधी तोडणार, मग आंबवणार. तुझ्या घरात जे चालतं ते तू पाठ कशाला करतोस?"

खरंच की. लहानपणापासून काकवी चाटत त्या चुलवणापाशी बसलो होतो आणि हे कोणी सांगितलं नव्हतं. कदाचित गुळव्याला विचारलं असतं तर त्याने त्याच्या भाषेत सांगितलंही असतं. आज पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळतात त्याची चर्चा ऐकतो तेव्हा मला पहिल्यांदा ते क्वार्टरचं पुढचं अंगण आठवतं.

तसंच युरियाचं. १८२८ मध्ये वोलर नावाच्या जर्मन माणसाने प्रयोगशाळेत युरिया तयार केला आणि सजीवांच्या शरीरात जे तयार होतं ते बाहेर करता येतच नाही, या समजुतीला मोठा तडा गेला. पहिल्याच धड्यातलं हे वाक्य मी पाठ केलेलं. ताई म्हणाली, "तुमच्या घरी युरियाच्या पोत्यावर किती टक्के लिहिलेलं असतं?" शेचाळीस, मला माहीत होतं. "मग काढून दाखव." मॉलिक्युलर वेट ६०. दोन नायट्रोजनचे २८. भागाकार केला, ४६.६६! ऑरगॅनिकमध्ये आपणहून बरोबर काढलेलं ते माझं पहिलं उत्तर.

नंतर घरी गेल्यावर हे अण्णांना सांगितलं. पन्नास किलोच्या पोत्यात नायट्रोजन तेवीसच किलो. अण्णा बराच वेळ पोत्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "मंग बाकीची काय माती हाय का?" मी कार्बन, ऑक्सिजन, हायड्रोजनचा हिशोब सांगितला. ते काही बोलले नाहीत. पण संध्याकाळी शेजारच्या तात्यांना तोच हिशोब सांगताना मी त्यांना ऐकलं, आणि त्यानंतर रानाचा विषय घरात निघाला नाही.

आता जे सांगायचं राहिलंय ते.

माझ्या मुक्कामातच एका रविवारी ताईला बघायला पाहुणे आले. मला पुस्तकं घेऊन स्वयंपाकघरात बसवलं. मामीने पोहे केले, ताईने नेऊन दिले, बाहेर नाव, शिक्षण, स्वयंपाक येतो का, वगैरे झालं. "बारावी सायन्स" म्हटल्यावर कोणीतरी "अरे वा" म्हणालं आणि लगेच विषय शिवणक्लासवर गेला. ताई रिकामा ट्रे घेऊन आत आली. नवीन साडी, कपाळावर घाम. ट्रे ओट्यावर ठेवला आणि मला म्हणाली, "झालं का रे फिनॉल?"

मी म्हणालो, "झालं." आणि पुढची शंका विचारली!

तिने उत्तर दिलं. साडी न बदलता, उभ्या उभ्या, फेरिक क्लोराइडचा जांभळा रंग का येतो ते समजावून सांगितलं. मी सतरा वर्षांचा होतो, परीक्षा महिन्यावर होती, हे सगळं खरं आहे. तरी आज ते आठवलं की कानकोंडं होतं.

आणि त्याच शेवटच्या दिवसांत मला जरा शिंगं फुटली. येतंय म्हटल्यावर ताईच्या वहीतल्या चुका शोधायला लागलो. कॉलेजच्या माझ्या नोट्समध्ये लुकास टेस्ट मी घाईघाईत उलटी उतरवून घेतली होती. तिच्या वहीशी जुळेना. पुस्तकात बघायचं सोडून लाल पेन उचललं आणि लिहिलं, 'चूक!' मग माझी ती 'बरोबर' केलेली टेस्ट तिच्या बाकीच्या नोट्सबरोबर माझ्या वहीत उतरवली, तिची वही तिथेच ठेवली आणि गावी आलो.

केमिस्ट्रीच्या पेपरच्या आदल्या संध्याकाळी गावातल्या किराणा दुकानात माझ्या नावाने फोन आला. दुकानदाराचा मुलगा पळत बोलवायला आला. दौंडहून ताई, एसटीडी बूथवरून.

"काही नाही रे, एक सांगायचं राहिलं. लुकास टेस्ट आज रात्री पुस्तकातून वाच. माझ्या वहीतून नको. माझं तिथं चुकलंय बहुतेक. बाकी सगळं येतंय तुला. झोप वेळेवर."

मी रात्री पुस्तक काढून बघितलं. माझ्या वहीत उलटं होतं. ताईने सांगितलं ते बरोबरच, तिच्याच वहीतून आलेली चूक, असं धरून दुरुस्त केलं. लाल पेन मी तोपर्यंत साफ विसरलो होतो. दुसऱ्या दिवशी पेपरात प्रायमरी आणि टर्शरी अल्कोहोलमधला फरक ओळखायचा प्रश्न आला आणि मी तो बरोबर लिहिला.

मे महिन्यात ताईचं लग्न झालं. पुढे माझा निकाल लागला, केमिस्ट्रीत शंभरपैकी ७१. पेढे घेऊन मी तिच्या सासरी गेलो आणि तिथेच सगळ्यांसमोर तो लुकास टेस्टचा विनोद पहिल्यांदा केला. पुढे मी बीएस्सी केलं, केमिस्ट्रीच घेऊन. आज एका रंगाच्या कंपनीच्या लॅबमध्ये आहे. घर चालतं ते ऑरगॅनिकवर.

परवा भाचीचा मेसेज आल्यावर मी ताईला फोन केला. म्हटलं, "तू ते लाल पेनातलं बघितलं होतंस?"

"तू गेल्यावर दोन-तीन दिवसांनी दिसलं. मग पेपर कधी आहे ते आत्याकडून विचारून घेतलं."

"मग माझंच चुकलंय असं का नाही सांगितलंस?"

"अरे, पेपर दुसऱ्या दिवशी. तुझं चुकलं म्हटलं असतं तर रात्रभर बाकीचं पण तपासत बसला असतास. एवढ्या मुश्किलीनं धीर आला होता तुला."

"आणि नंतर? इतकी वर्षं मी सगळ्यांसमोर..."

"नंतर काय. तुम्ही सगळे हसत होतात."

मग मी तो प्रश्न विचारला जो तेव्हाच विचारायला हवा होता. "ताई, तुला बीएस्सी करायचं होतं ना?"

थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "होतं की. आता कशाला काढतोस ते? पोरीचं बघ. अमाइन्स अडलंय तिचं."

पोरीचं, म्हणजे तिच्या धाकट्या लेकीचं, येत्या फेब्रुवारीत बारावी. आताच्या पुस्तकात दहाव्या धड्यापासून ऑरगॅनिक सुरू होतं आणि तेरावा धडा अमाइन्सचा. दौंडपासून दहाएक किलोमीटरवर कुरकुंभची एमआयडीसी आहे, रासायनिक कारखान्यांची. तिथे अमाइन्स बनवणारी कंपनीसुद्धा आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये तिथल्याच एका कारखान्यातून पुणे पोलिसांनी शेकडो किलो मेफेड्रोन जप्त केलं तेव्हा कुरकुंभचं नाव देशभर गेलं. भाचीने मला विचारलं होतं, "मामा, तेही अमाइनच का?" मी हो म्हटलं. अमाइन आहे आणि कीटोनही. औषधं बनतात तीही याच धड्यांतून. धडा तोच, सांधा कोण कुठे वळवतो त्यावर आहे. हे वाक्य माझं नाही हे तुमच्या लक्षात आलंच असेल.

भाचीकडे सगळं आहे. व्हिडिओ आहेत, क्लास आहे, टेस्ट सिरीज आहे. तरी तिला कपाट आवरताना आईची वही सापडली आणि ती आता त्यातूनच अभ्यास करतेय. म्हणते, क्लासच्या नोट्समध्ये दौंड स्टेशन नाही. त्या वहीत पीसीसी नाही, ग्रीन केमिस्ट्रीचा धडा नाही, तेवढं मी भरून देणार आहे. पुढे तिला काय करायचंय ते तिने ठरवलंय आणि तिची आई या वेळी अप-डाउनच्या बाजूने आहे.

येत्या रविवारी दौंडला जातोय. अमाइन्स घ्यायचं आहे. ताईला सांगितलंय की तूही शेजारी बस, माझं चुकलं तर जागच्या जागी सांग. ती म्हणाली, "मला आता काय आठवतंय?" मी म्हटलं, बघू.

आणि लाल पेन नेणार आहे. त्या पानावर माझ्या 'चूक!'वर रेघ मारायची आहे, तारीख घालून. नातेवाइकांनी कृपया नोंद घ्यावी : ताईची लुकास टेस्ट पहिल्यापासून बरोबर होती.